‘आपल्या मुलांना ते कुठे जमणार?’

गेल्या मे महिन्याच्या सुट्टीत माझ्या मुलाने कॉलेजच्या वाचनालयातून एक जाडजूड पुस्तक आणलं. माल्कम एक्स यांचं आत्मचरित्र. अ‍ॅलेक्स हेली या लेखकाला त्यांनी आपली कहाणी सांगितली आणि ते गेल्यानंतर, १९६५ साली, हे पुस्तक निघालं. मुलगा म्हणाला, “अम्मी, तू वर्गात दरवर्षी हजरत बिलालांची गोष्ट सांगतेस ना, मग यांचीही सांग की.”

मला हे नाव ऐकून माहीत होतं, त्यापलीकडे फारसं नाही. आमच्या घरी ओळखीचे होते ते मुहम्मद अली. माझ्या अब्बांनी त्यांचा वर्तमानपत्रातला फोटो कापून कपाटाच्या दाराला आतून चिकटवला होता. व्हिएतनामच्या युद्धात लढायला नकार देणारा, त्यासाठी जगज्जेतेपद गमावणारा मुष्टियोद्धा. अब्बा म्हणायचे, “याच्या ठोशापेक्षा याचा नकार मोठा.” त्या अलींना इस्लामच्या दिशेने नेणाऱ्यांपैकी माल्कम एक होते, हे मला आता कळलं.

मी सोलापुरात एका उर्दू माध्यमाच्या हायस्कूलमध्ये एकवीस वर्षं मराठी शिकवते. घरी उर्दू बोलणाऱ्या मुलांना मराठीचे काने-मात्रे समजावता समजावता केस पांढरे होत आले. सुट्टीत चार तास शिक्षणाचे आणि कौतुकाचे दोन शब्द सांगता येतील, एवढ्याच हेतूने मी पुस्तक उघडलं. पण दुसऱ्याच प्रकरणानंतर मला ते मिटून ठेवावं लागलं. का, ते सांगण्यासाठीच हा लेख आहे. कुणावर टीका करायची म्हणून नव्हे. झालाच तर हा माझाच कबुलीजबाब आहे.

माल्कम यांचा जन्म १९ मे १९२५ रोजी अमेरिकेतल्या ओमाहा शहरात झाला. वडील ख्रिस्ती धर्मोपदेशक होते आणि काळ्या लोकांनी ताठ मानेने जगावं, असं उघड सांगत फिरायचे. त्या काळात एवढं सांगणं हाच गुन्हा होता. माल्कम चार वर्षांचे असताना त्यांचं घर जळालं. गोऱ्यांनीच ते पेटवलं, असं कुटुंबाचं म्हणणं होतं. सहा वर्षांचे असताना वडील ट्रामखाली चिरडलेले सापडले. तो अपघात होता, असं सरकारदरबारी नोंदलं गेलं. पण घरच्यांनी ते कधीच मानलं नाही. पदरी एवढी लेकरं, घरात दाणा नाही, वर सरकारी माणसांच्या फेऱ्या आणि प्रश्न. आई खचत गेली. शेवटी तिला मनोरुग्णालयात ठेवलं आणि ती तिथे सुमारे दोन तपं राहिली. मुलं वेगवेगळ्या घरांत वाटली गेली. माल्कम मिशिगन राज्यातल्या मेसन नावाच्या गावी, एका गोऱ्या जोडप्याच्या देखरेखीखालच्या बालगृहात आले.

त्या गावच्या शाळेत जवळजवळ सगळी मुलं गोरी. तरीही हा मुलगा अभ्यासात वरच्या नंबरात होता. सातवीत तर वर्गाने त्याला आपला अध्यक्ष निवडलं. मग आठवीत एक दिवस इंग्रजीचे शिक्षक त्याला सहज विचारतात, पुढे काय व्हायचं ठरवलं आहेस? मुलाने तोवर काही ठरवलेलं नव्हतं, पण तोंडून निघून गेलं, वकील. शिक्षक हसले. म्हणाले, वास्तवाला धरून चाल. तू काळा आहेस. तुझ्यासारख्याला वकील होणं जमण्यातलं नाही. तुझ्या हातात कसब आहे, सुतारकाम कर, लोक तुला काम देतील.

माल्कम यांच्या जिव्हारी एक गोष्ट लागली. तेच शिक्षक इतर मुलांना काय सांगतात, हे त्यांनी नंतर ऐकलं. ज्यांचे गुण त्यांच्यापेक्षा कमी होते, त्या गोऱ्या मुलांनी जे जे व्हायचं म्हटलं, त्याला शिक्षकांनी पाठिंबाच दिला होता. त्या दिवसापासून हा मुलगा आतून बदलला. वर्गात बसायचा, प्रश्नाला उत्तर द्यायचा, पण मनाने तिथे नसायचा.

इथेच मी पुस्तक मिटलं. स्वयंपाकघरात गेले, उगाच भांडी आवरत बसले. कारण त्या शिक्षकाचा आवाज मला ओळखीचा वाटला. तो माझाच होता.

अठरा वर्षांपूर्वीची गोष्ट. नोकरीचं माझं तिसरं वर्ष. दहावीच्या वर्गात एक मुलगा होता. त्याचं नाव इथे लिहीत नाही. वडील यंत्रमागावर कामाला, आई विड्या वळायची. एका रात्रपाळीत वडिलांची दोन बोटं मागात गेली. मालकाने औषधाचे पैसे दिले आणि हात झटकले. भरपाईसाठी वडील हेलपाटे घालू लागले. त्यांना लिहितावाचता येत नव्हतं, म्हणून हा मुलगा शाळा बुडवून कागदांची पिशवी घेऊन त्यांच्यासोबत जायचा. दुसऱ्या दिवशी मी गैरहजेरीबद्दल रागवायची आणि तो मान खाली घालून उभा राहायचा. पण वक्तृत्व स्पर्धेत उभा राहिला की तोच मुलगा असा बोलायचा की मागच्या बाकावरची चुळबुळ थांबायची. त्याचं मराठी तर शाळेत सगळ्यांत स्वच्छ होतं. कचेरीच्या खिडकीशी उभं राहून शिकलेलं मराठी होतं ते.

बोर्डाच्या परीक्षेआधी मी एकेकाला बोलावून विचारत होते, पुढे काय करणार? तो म्हणाला, “टीचर, मला वकील व्हायचंय.”

मी काय म्हणाले, ते मला शब्दन् शब्द आठवतं. “बेटा, वकिलीला वर्षं लागतात, इंग्रजी लागतं, ओळखी लागतात. आपल्या मुलांना ते कुठे जमणार? घरची परिस्थिती बघ. तू हुशार आहेस, आयटीआय कर. दोन वर्षांत कमाईला लागशील, आईला आराम मिळेल.”

तो “जी टीचर” म्हणाला आणि गेला.

त्याच तासाला मी आणखी एका मुलाशी बोलले होते. त्याच्या वडिलांचं दुकान चांगलं चालायचं. गुण याच्यापेक्षा कमी. त्याने इंजिनिअर व्हायचंय म्हटलं, तेव्हा मी म्हणाले, “छान, आतापासून गणिताची शिकवणी लाव.” त्याला मी वास्तव सांगितलं नाही. त्याचं वास्तव त्याच्या वडिलांनी आधीच विकत घेऊन ठेवलं होतं, असं काहीतरी माझ्या मनात असावं.

मेसनच्या त्या शिक्षकाने निदान परक्यांच्या मुलाला तसं सांगितलं होतं. मी ‘आपल्या मुलांना’ म्हणाले. लोक आपल्याबद्दल जे बोलतात, ते मी इतकी वर्षं ऐकलं होतं की तेच माझ्या तोंडून, मायेच्या सुरात, आपल्याच लेकराला ऐकवलं. माल्कम यांनीही लिहिलं आहे की त्या शिक्षकाच्या मनात वाईट हेतू नसावा. आपण त्याला आवडतो, असंही त्यांना वाटायचं. मला तेच जास्त लागलं. दुष्टपणाने बोललेलं मूल झटकून टाकू शकतं. प्रेमाने बोललेलं ते घरी घेऊन जातं.

दोन दिवसांनी मी पुस्तक पुन्हा हातात घेतलं.

शाळा सुटली ती सुटलीच. माल्कम सावत्र बहिणीकडे बोस्टनला गेले, तिथून न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये. रेल्वेत नोकरी, मग जुगार, नशा, अमली पदार्थांची विक्री, घरफोड्या. १९४६ साली वयाच्या विसाव्या वर्षी आठ ते दहा वर्षांची शिक्षा झाली. वकील व्हायचं होतं, तो मुलगा कोर्टात उभा राहिला तो आरोपी म्हणून.

पण तुरुंगात एक वेगळंच घडलं. पत्र लिहायला बसलं की शब्द सापडत नाहीत, पुस्तक वाचायला घेतलं की अर्ध्या ओळी कळत नाहीत, याची त्यांना लाज वाटू लागली. त्यांनी तुरुंगाच्या शाळेतून शब्दकोश, वह्या आणि पेन्सिली मागवून घेतल्या आणि शब्दकोशाचं पहिलं पान जसंच्या तसं उतरवून काढलं. त्यालाच एक दिवस लागला. मग ते पान स्वतःला मोठ्याने वाचून दाखवलं. दुसऱ्या दिवशी दुसरं पान. असं करत करत पूर्ण शब्दकोश. रात्री दहाला दिवे बंद झाले की दाराच्या फटीतून येणाऱ्या व्हरांड्यातल्या उजेडात ते जमिनीवर बसून वाचायचे. पहारेकऱ्याची पावलं वाजली की अंथरुणात शिरायचे, तो गेला की पुन्हा खाली. डोळे गेले, चश्मा लागला. तुरुंगातल्या वादविवाद सभेत ते बोलू लागले. मी शुद्धलेखनाच्या दहा ओळी जास्त दिल्या की मुलं कुरकुरतात. त्यांना ही गोष्ट मी सांगते, तेव्हा वर्ग गप्प होतो.

तुरुंगात असतानाच भावंडांच्या पत्रांतून त्यांना ‘नेशन ऑफ इस्लाम’ या संघटनेची ओळख झाली. इथे आपण वाचकांनी एक गोष्ट नीट लक्षात घ्यायला हवी. नाव इस्लामचं असलं तरी या संघटनेची शिकवण आपण जाणतो त्या इस्लामपासून फार दूर होती. गोरा माणूस हा जन्मजात सैतान आहे, असं ती सांगायची. आपल्या संस्थापकाला ती ईश्वराचं रूप मानायची. आपल्या तौहीदमध्ये या गोष्टींना जागाच नाही. पण हेही तितकंच खरं की तिने हजारो काळ्या तरुणांची दारू सोडवली, जुगार सोडवला, त्यांना स्वच्छ कपडे आणि ताठ मान दिली. १९५२ साली माल्कम सुटले आणि त्यांनी ‘लिटल’ हे आडनाव टाकून दिलं. कारण ते गुलामांच्या मालकाने दिलेलं होतं. खरं आडनाव आफ्रिकेत हरवलं, ते आता सापडणार नाही, म्हणून त्या जागी ‘एक्स’. गणितात अज्ञात संख्येसाठी लिहितात तो.

बारा वर्षं ते या संघटनेचा आवाज होते. माणसं त्यांना ऐकायला लोटायची. मार्टिन ल्यूथर किंग त्याच काळात अहिंसेच्या मार्गाने लढत होते. माल्कम त्यांच्यावर कडक टीका करायचे. ही दोन माणसं आयुष्यात एकदाच, २६ मार्च १९६४ रोजी वॉशिंग्टनमध्ये भेटली, तीही काही क्षण. दोघांच्या वाटा वेगळ्या होत्या. पण दोघांनाही गोळ्या घालून मारलं गेलं आणि दोघंही तेव्हा एकोणचाळीस वर्षांचे होते.

मार्च १९६४ मध्ये माल्कम संघटनेतून बाहेर पडले आणि एप्रिलमध्ये हजला निघाले. पैसे त्याच सावत्र बहिणीने दिले. जेद्दाहला त्यांना अडवलं गेलं. अमेरिकन पासपोर्ट, हा माणूस खरंच मुसलमान आहे का? तिथे त्यांच्या लक्षात आलं की इतकी वर्षं आपण लोकांना इस्लामवर भाषणं दिली, पण आपल्याला नमाज नीट पढता येत नाही. ते बघून बघून, शेजाऱ्यासारखं करत करत शिकले. पायाचे घोटे दुखून आले, हेही त्यांनी लपवलं नाही. हजारोंचा जमाव ज्याला गुरू मानायचा, तो माणूस पहिलीच्या मुलासारखा पुन्हा शिकायला बसला.

आणि मग अहरामची दोन पांढरी वस्त्रं. निळ्या डोळ्यांची गोरी माणसं आणि आपल्याहून काळी माणसं, सगळी एका ताटात जेवताहेत, एका पेल्यातून पाणी पिताहेत, एकाच चटईवर झोपताहेत. आपल्याला हे ऐकून नवल वाटत नाही. हाजी साहेबांकडून आपण ते लहानपणापासून ऐकत आलो. पण ज्याच्या वडिलांच्या मरणाचा संशय गोऱ्यांवर होता, त्याच्यासाठी ते काय असेल? त्यांनी मक्केहून अमेरिकेला पत्रं लिहिली आणि जगासमोर सांगितलं की गोऱ्यांबद्दल मी सरसकट जे बोलत होतो, ते चूक होतं. अन्यायाविरुद्धचा लढा त्यांनी सोडला नाही. परत आल्यावर तो आणखी मोठा केला. सोडला तो फक्त द्वेष. आता ते अल-हज मलिक अल-शबाझ झाले.

या पुस्तकात एक छोटा प्रसंग आहे. तो मी तीनदा वाचला. एका गोऱ्या कॉलेजकुमारीने माल्कम यांचं भाषण ऐकलं. ती विमानाने न्यूयॉर्कला आली, हार्लेममधल्या उपाहारगृहात त्यांना शोधून काढलं आणि विचारलं, मी काय करू शकते? माल्कम यांनी एका शब्दात उत्तर दिलं, काहीच नाही. ती रडत रस्त्यावर धावत गेली. हजहून आल्यावर त्यांना ती मुलगी पुन्हा पुन्हा आठवायची. तिचं नाव माहीत असतं, पत्ता असता, तर बरं झालं असतं, असं त्यांना वाटायचं. ज्या मुलाला शिक्षकाने ‘तुला जमणार नाही’ म्हणून परत पाठवलं, त्यानेच पुढे एका मुलीला तसंच परत पाठवलं. फरक एवढाच की या माणसाने ते लिहून ठेवलं.

मुहम्मद अलींचंही तसंच. माल्कम संघटनेतून बाहेर पडले, तेव्हा अलींनी त्यांच्याकडे पाठ फिरवली. पुढे अली स्वतः त्या संघटनेपासून दूर झाले, खऱ्या इस्लामकडे आले आणि म्हातारपणी लिहून गेले की माल्कमकडे पाठ फिरवणं ही आपल्या आयुष्यातल्या सर्वांत जास्त सलणाऱ्या चुकांपैकी एक होती. पण माफी कुणाची मागणार? माल्कम कधीच गेले होते.

मला हजरत अबू जर (रजि.) आठवले. रागाच्या भरात त्यांनी एका माणसाला त्याच्या आईवरून टोमणा मारला. प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या कानावर ते गेलं, तेव्हा प्रेषितांनी (स.) त्यांना सुनावलं की तुमच्यात अजून अज्ञानकाळाचा अंश शिल्लक आहे. एवढ्या थोर सहाबींबद्दल हे म्हटलं गेलं! आणि अबू जर (रजि.) यांनी ते झटकलं नाही, पुढे आपल्या गुलामाला ते आपल्यासारखंच वस्त्र घालायला देत राहिले. आपण मात्र काय करतो? मिलादच्या जलशात हजरत बिलालांची (रजि.) गोष्ट सांगताना आपला गळा दाटून येतो. मक्का विजयाच्या दिवशी काबागृहाच्या छतावर चढून अजान देण्याचा मान एका काळ्या, एकेकाळच्या गुलामाला मिळाला, हे आपण अभिमानाने सांगतो. आणि घरी येऊन मुलासाठी रिश्ता बघताना म्हणतो, मुलगी चांगली आहे, पण रंग जरा दबलेला आहे. सूरह अल-हुजुरात आपण तिलावत करतो. पण माणसाची जागा त्याच्या घरावरून, गल्लीवरून, रंगावरून ठरवायची सवय काही जात नाही. माझी तरी गेली नव्हती.

आता कुणी म्हणेल, अहो, त्या शिक्षकाने वकील होऊ दिलं असतं, तर एवढा मोठा माल्कम एक्स झाला असता का? माल्कम यांनीही गमतीने नव्हे, मनापासून लिहिलं आहे की मेसन सोडून बोस्टनला जाता आलं, याबद्दल मी अल्लाहचा आभारी आहे; नाहीतर मी कुठेतरी सुखवस्तू, आपल्यापुरता जगणारा माणूस झालो असतो. हा विचार मी बरेच दिवस घोळवला. माझ्यासाठी तो सोयीचा होता. पण तो हक्क माल्कम यांचा आहे, शिक्षकाचा नाही. वाईटातून चांगलं घडवणं ही अल्लाहची कुदरत. तिच्या आड लपून आपल्या चुकीची पावती फाडता येत नाही. शिवाय एका माल्कमची गोष्ट आपण वाचतो. त्याच वाटेवर तुरुंगात, नशेत, गटारीच्या कडेला संपलेल्या हजारो मुलांची पुस्तकं निघत नाहीत.

आणि त्याच देशात दुसऱ्या प्रकारचे शिक्षकही होते. १४ नोव्हेंबर १९६० रोजी न्यू ऑर्लिन्स शहरात रूबी ब्रिजेस नावाची सहा वर्षांची काळी मुलगी कोर्टाच्या हुकमाने गोऱ्यांच्या शाळेत गेली. सोबत चार सरकारी मार्शल, आणि बाहेर शिव्या देणारा जमाव. गोऱ्या पालकांनी आपली मुलं शाळेतून काढून नेली. रूबीला शिकवायला एकच बाई तयार झाल्या, बोस्टनहून आलेल्या बार्बरा हेन्री. पूर्ण वर्षभर त्या वर्गात एक शिक्षिका आणि एक विद्यार्थिनी. बाई रोज वेळेवर यायच्या आणि भरलेल्या वर्गाला शिकवावं तसं शिकवायच्या. त्यांनी मोर्चा काढला नाही, भाषण केलं नाही. रोज हजेरी घेतली. या दोन शिक्षकांपैकी मी कोण, याचं उत्तर मला द्यायचं होतं.

माल्कम यांना ती मुलगी सापडली नाही. अलींना माल्कम सापडले नाहीत. माझा विद्यार्थी तर याच शहरात होता. इतकंच नव्हे, त्याची मुलगी जूनमध्ये आमच्याच शाळेत पाचवीत आली.

पहिल्या पालकसभेला तो आला. आयटीआय करून त्याने मोटार वाइंडिंगचं दुकान टाकलंय. तांब्याच्या तारेने बोटं कापलेली, नखांत वॉर्निश. सभा संपल्यावर मी त्याला थांबवलं. काय बोलायचं ते महिनाभर मनात घोकलं होतं, पण आयत्या वेळी सगळं विसरले. एवढंच म्हणाले, “मी तुला दहावीत जे बोलले होते ते...”

“आयटीआयचं?” त्याने लगेच विचारलं. म्हणजे त्यालाही आठवत होतं. “टीचर, तुम्ही माझ्या भल्याचंच बोललात. दुकान चांगलं चाललंय. अम्मीची विडी बंद केली मी.”

“तरीही माझं चुकलं. मला माफ कर.”

तो गडबडला. शिक्षकाने माफी मागायची असते, हे आपल्या मुलांना कुठे माहीत असतं? थोडा वेळ तो खिडकीतून मैदानाकडे बघत राहिला. मग उर्दूतच म्हणाला, ते मराठीत लिहिते : “अब्बांची केस आम्ही हरलो, टीचर. आमचे वकील तारखेला आलेच नाहीत. त्या दिवशी मला वाटलं होतं, मी असतो तर आलो असतो. बस, एवढंच.”

मी म्हणाले, अजूनही उशीर झालेला नाही. बारावी कर, मुक्त विद्यापीठातून पदवी घे, मग तीन वर्षांची वकिली करता येते. तो हसला. “आता दुकान कोण बघणार? पण एक अर्ज आहे टीचर. माझी मुलगी उद्या येऊन काहीही म्हणेल. पायलट म्हणेल, जज्ज म्हणेल. तिला तुम्ही नाही म्हणू नका. नाही म्हणायला अख्खी दुनिया पडलीय.”

तो गेल्यावर मी बराच वेळ रिकाम्या वर्गात बसून राहिले. त्याने मला माफ केलं की नाही, ते मला अजून कळलेलं नाही. कदाचित माफ करण्याऐवजी त्याने मला काम दिलं.

ते काम मी असं करते. एक शंभर पानी वही केली आहे. मुलाने काय व्हायचं म्हटलं, ते त्याच्या नावापुढे लिहायचं. त्याखाली मी ‘जमेल’ किंवा ‘जमणार नाही’ लिहीत नाही. वाट लिहिते. कोणती परीक्षा, दहावीनंतर की बारावीनंतर, किती वर्षं, किती खर्च, शिष्यवृत्तीचा अर्ज कधी निघतो, आपल्या शहरात हे शिकलेलं कोण आहे. मला माहीत नसेल तर विचारून येते. वकिलीच्या पानासाठी मी स्वतः कोर्टात जाऊन एका तरुण वकील भगिनीला भेटले. ती शनिवारी येऊन मुलांशी बोलून गेली. वास्तव मी आजही सांगते. खर्च अवघड आहे, इंग्रजी कच्चं आहे, हे लपवत नाही. पण वास्तव म्हणजे भिंत नव्हे. किती पायऱ्या चढायच्या आहेत, त्याचा हिशेब म्हणजे वास्तव. आयटीआय हेही त्या वहीत मानाचं पान आहे. फक्त ते मुलाने निवडलेलं असावं, आपण त्याची गल्ली बघून दिलेलं नसावं.

आपल्या मराठी मातीला ही गोष्ट परकी नाही. महात्मा फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ लिहिलं, तेव्हा ते अमेरिकेतल्या काळ्या गुलामांना मुक्त करण्यासाठी झटलेल्या तिथल्या सज्जनांना अर्पण केलं होतं. पुण्यात बसून त्यांना त्या दूरच्या दुःखात आपलं दुःख दिसलं. आणि तेही शाळा काढणारे शिक्षकच होते.

२१ फेब्रुवारी १९६५ रोजी न्यूयॉर्कच्या ऑडुबॉन सभागृहात माल्कम बोलायला उभे राहिले आणि त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. समोर पत्नी बेटी शबाझ आणि लहानग्या मुली होत्या. बेटी तेव्हा गरोदर होत्या; पुढे जुळ्या मुली झाल्या. सहा मुलींना एकटीने वाढवत ही बाई पुन्हा शिकायला बसली, १९७५ साली शिक्षणशास्त्रात डॉक्टरेट मिळवली आणि ब्रुकलिनच्या एका महाविद्यालयात शिकवू लागली. तिच्याबद्दल आमच्या वहीत मी पहिल्याच पानावर लिहून ठेवलं आहे, कारण अनेक मुलींच्या अम्मी पालकसभेत म्हणतात, “आमचं आता काय वय राहिलं शिकायचं?”

परवा पाचवीच्या वर्गात वही फिरली. त्याची मुलगी उठून उभी राहिली. कृश, सावळी, बापासारखीच स्वच्छ बोलणारी. मी विचारलं, “बेटा, काय लिहू?”

ती म्हणाली, “टीचर, अजून ठरलं नाही. जागा मोकळी ठेवा.”

मी तिच्या नावापुढे जागा मोकळी ठेवली आहे.